लाल कातड्यातला तिसरा खंड

गॅसवर बाइंडिंगची खळ रटरटत होती, कीड लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद टाकून ज्योत्स्ना ती ढवळत होती, आणि नेमका त्याच वेळी फोन वाजला... एका हातात पळी, दुसऱ्या हातात फोन, अशी ती उभी राहिली ती उभीच राहिली! नऊ वर्षं ज्या एका वाक्यासाठी तिचा जीव टांगणीला लागला होता, ते वाक्य तिची भाची मोनाली पलीकडून अगदी सहज, चहा झाला का विचारावं तसं बोलून गेली होती.

"आत्या, आम्ही पहाटेच पुण्याहून निघालोय. पप्पा पण आहेत गाडीत. अकरापर्यंत पोचतो."

पप्पा पण! म्हणजे राजानंद... तिचा सख्खा धाकटा भाऊ, ज्याचं बोट धरून तिनं त्याला शाळेत घातलं आणि ज्यानं नऊ वर्षांत या उंबऱ्याला पाय लावला नव्हता! खळ करपली. करपू दे मेली! खळ काय, दुसरी करता येते. एकसष्ट वर्षांची ही बाई, जालन्याच्या मस्तगडातल्या 'खरात बाइंडिंग' या एका खोलीच्या दुकानाची मालकीण, कारागीर आणि झाडूवाली सगळं तीच, पण त्या क्षणी तिचं काळीज परकराच्या वयातल्या पोरीसारखं धडधडत होतं.

मोनालीचं बोलणं मात्र अजून संपलं नव्हतं. मुंबईच्या एका जुन्या ग्रंथालयात पुढच्या आठवड्यात प्रदर्शन भरायचं होतं, व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या इंग्रजी कादंबऱ्यांच्या पहिल्यावहिल्या आवृत्त्यांचं. राजानंदनं इंग्रजीची प्राध्यापकी करता करता, पोटाला चिमटा घेऊन जमवलेली एकशे बारा पुस्तकं तिथं मांडली जाणार होती, आणि मधोमध, वेगळ्या काचेच्या पेटीत, तो तीन खंडांचा संच! त्या काळी विलायतेत मोठी कादंबरी निघायची तीच तीन खंडांत. एकेक खंड वाचायला घरोघर फिरायचा, एक इकडं राहायचा, दुसरा तिकडं, आणि म्हणूनच तिन्ही भावंडं एकत्र सापडणं म्हणजे आता कपिलाषष्ठीचा योग. राजानंदकडे दोन खंड होते. तिसरा ज्योत्स्नाच्या पत्र्याच्या पेटीत, तिच्या जुन्या साडीत गुंडाळलेला होता. तिसऱ्याशिवाय तो संच मांडणार नाही, असं त्या लोकांनी निक्षून सांगितलं होतं, म्हणून पप्पा यायला तयार झाले, असं मोनाली म्हणाली आणि घाईघाईनं तिनं फोन ठेवला.

"कोण येऊन राह्यलं गं?" आतल्या खोलीतून वसंताबाबांनी विचारलं.

"राजा येऊन राह्यलाय, बाबा."

वय वर्षं चौऱ्याऐंशी, डोळ्यांनी अर्धं जग पुसट झालेलं, पण कान असे तिखट की फोनमधलं निम्मं त्यांनी आधीच टिपलं होतं. काठी न घेताच ते बाहेर आले. दोन्ही हात भिंतीला, तोंडभर हसू. "प्रदर्शन म्हनली ना पोरगी? मंग त्याच्यात माझं लाल बाइंडिंग बी असंल. काचेच्या पेटीत! माझा पांढरा सदरा काढ जल्दी, इस्तरीचा."

ज्योत्स्नानं करपलेल्या खळीखालचा गॅस बंद केला. भाऊ येणार या आनंदानं आभाळ ठेंगणं झालेलं, आणि त्याच आभाळातून हा धोंडा! कारण बाबांना जे ठाऊक होतं ते खोटं होतं, राजाला जे ठाऊक होतं तेही खोटं होतं, आणि ही दोन असत्यं नऊ वर्षं आपल्या एका पदरात बांधून ती बिचारी दोघांच्या मधोमध उभी होती. आज ती दोन्ही असत्यं एका खोलीत समोरासमोर येणार होती. गाठ सुटली तर बाबांना कळणार होतं की त्यांच्या हातच्या सगळ्यात देखण्या कामानं पोराच्या जन्माच्या तपश्चर्येची माती केली... आणि या वयात ते त्यांना सोसणार नव्हतं. तेवढं एक घडू द्यायचं नाही, बाकी काय व्हायचं ते होवो, असं तिनं मनाशी पक्कं केलं.

आता हे सगळं झालं कसं, ते सांगायलाच हवं.

जालन्यात पूर्वी इंग्रजांची पलटण होती. पलटण गेली, साहेब गेले, पण त्यांच्या बंगल्यांत, माळ्यांवर त्यांची पुस्तकं राहिली, आणि ती हळूहळू रद्दीत यायला लागली. वसंता खरात तेव्हा एका मुसलमान उस्तादाच्या हाताखाली बाइंडिंग शिकून नुकतेच स्वतंत्र झालेले. इंग्रजी त्यांना ओ की ठो येत नव्हतं, पण पुस्तक हातात घेतलं की त्याचा जन्म, जात, दुखणं सगळं बोटांना कळायचं. एका दिवाळीत रद्दीच्या गठ्ठ्यातून त्यांनी दोन पुस्तकं बाजूला काढली. हिरवं कापड, कापडावर सोनेरी वेल, आत छावणीच्या क्लबाचा गोल शिक्का, आणि शिक्क्यात शाईनं घातलेला नंबर. "बाबासाहेबांनी पुस्तकासाठी घर बांधलं म्हन्त्यात," ते दोन्ही लेकरांना म्हणाले, "आपुन घरात निदान पुस्तक तरी ठिवू."

ज्योत्स्ना तेव्हा सोळाची, राजा बारा वर्षांचा. फाटका शब्दकोश मांडीवर घेऊन ती एकेक ओळ लावायची, मराठीत सांगायची, आणि राजा तोंडाचा आ करून ऐकायचा. दोन खंड वाचायला त्यांना तीन वर्षं लागली. कथा एका पोरीची होती, जिला घरातून हाकलून दिलेलं असतं. दुसऱ्या खंडाच्या शेवटी ती पोरगी बर्फातून चालत परत येते, आपल्याच घराच्या दारावर थाप मारते, आतून पावलांचा आवाज येतो... आणि खंड संपतो! दार कुणी उघडलं? राजा म्हणायचा, भावानं. ज्योत्स्ना म्हणायची, बापानं. त्यांची आई गिरिजाबाई भाकरी थापता थापता म्हणायची, आईच उघडंल, दुसरं कोन उठतंय एवढ्या थंडीत! बाबा मात्र काहीच सांगायचे नाहीत. पुस्तक पुरं होऊ द्या, मंग सांगतो, एवढंच म्हणायचे.

तिसरा खंड सापडला की सगळ्यांनी एकत्र बसून वाचायचा, तोवर शेवट कुणाला विचारायचाही नाही, अशी शपथ त्या दोघांनी घेतली. त्या शपथेपायीच राजाला जुन्या पुस्तकांचं वेड लागलं म्हणा ना! पुढं आई गेली. दुकान आणि शिक्षण दोन्ही एकाच्या कमाईत चालेना, तेव्हा ज्योत्स्नानं बारावीनंतर आपली पुस्तकं मिटली, हातात दाभण घेतलं आणि राजाला कॉलेजात पाठवलं. चालून आलेली दोन स्थळं तिनं परतवून लावली. कुणी विचारलं तर हसून म्हणायची, मी रोज शंभर पुस्तकं उघडते, तो एकच उघडतो, सांगा जास्त शिकलेलं कोण?

आणि नऊ वर्षांपूर्वी तो तिसरा खंड सापडला! हैदराबादच्या जुन्या बाजारात, तेच हिरवं कापड, तोच क्लबाचा शिक्का, आणि शिक्क्यातला नंबरही पुढचाच... म्हणजे नुसता तिसरा खंड नव्हे, त्याच दोघांचा हरवलेला भाऊ! पाठ निखळलेली, कडा झिजलेल्या, पण होता तोच. राजा तो घेऊन थेट जालन्याला आला. ज्योत्स्ना भोकरदनला एका शाळेच्या लायब्ररीची पुस्तकं शिवायला गेली होती. राजाला घनसावंगीला लग्नाला जायचं होतं. त्यानं पुस्तक दुकानातल्या फळीवर ठेवलं, बाबांना म्हणाला, हे इथं ठेवतो, परवा आलो की बघू, आणि गेला.

फळीवर! बाइंडरच्या दुकानातली ती फळी कसली असते, हे प्राध्यापक झाल्यावर तो विसरला, आणि बाबा कसे विसरतील? त्या फळीवर ठेवलेलं पुस्तक म्हणजे बांधायला दिलेलं पुस्तक. साऱ्या जन्मात राजानं आपलं एक पुस्तक त्यांना हात लावू दिलं नव्हतं, बाबा खळीचा हात नको, बाबा ते जुनं आहे, असंच म्हणत आला होता. आणि आज त्यानं आपण होऊन, पाठ निखळलेलं पुस्तक फळीवर ठेवलं! मोतीबिंदूपायी सहा वर्षं दाभण खाली ठेवलेल्या त्या म्हाताऱ्यानं पेटीच्या तळातून जपून ठेवलेलं लाल कातडं काढलं, बोटांनी चाचपत तीन दिवस काम केलं, पाठीवर सोन्याची अक्षरं ठोकली, जराशी वाकडी, पण ठसठशीत.

ज्योत्स्ना भोकरदनहून परतली तेव्हा ते काम पुस्तकं दाबायच्या शिकंज्यातून निघत होतं. जुन्या आवृत्तीचं मोल तिच्या मूळ कव्हरात असतं, हे राजाच्या तोंडून तिनं हजारदा ऐकलं होतं. पण बाबांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि ती म्हणाली, झकास झालंय... तसा चेहरा तिनं आई गेल्यापासून पाहिला नव्हता. ते कडक सदरा घालून विहारात वंदनेला गेले आणि पाठोपाठ राजा दारात आला.

त्यानं लाल कातडं पाहिलं. पुस्तक उघडूनसुद्धा पाहिलं नाही. "कुणी केलं हे?" इतकंच त्यानं विचारलं, आणि क्षणाचाही विचार न करता ती म्हणाली, "मी केलं."

मग तो जे बोलला ते तिच्या काळजात अजून रुतून होतं. "तुझं शिक्षण राहिलं आणि माझं झालं, हे तुला कधी पचलंच न्हाई, ताई. तू जाणूनबुजून केलंस." तिनं फक्त एक मागितलं, बाबांना यातलं काही सांगू नको. त्याला वाटलं, लाज वाटते म्हणून म्हणते आहे. पुस्तक तिथंच टाकून तो गेला. बाबा परत आल्यावर तिनं सांगितलं, राजाला लई आवडलं, घेऊन गेला, कपाटात लावणार हाये. दर रविवारी फोनवर बाबा त्याला विचारायचे, पुस्तकं बराबर हायेत ना? आणि तो म्हणायचा, आहेत बाबा. त्याला वाटायचं, सगळ्या पुस्तकांबद्दल विचारतात. तो येत का नाही, असं बाबांनी विचारलं की ज्योत्स्ना कॉलेजच्या कामाचं निमित्त पुढं करायची. अशी नऊ वर्षं गेली.

आज मात्र तिला वेळ साधायची होती. तिनं बाबांना इस्त्रीचा सदरा चढवला आणि विहारात पिटाळलं. आज रविवार, वंदना चुकवू नका, राजा यायला अवकाश आहे, असं दहादा बजावलं. ते परतायच्या आत पुस्तक राजाच्या हातात द्यायचं, पिशवीत घालायला लावायचं, की झाकली मूठ सव्वा लाखाची. मग तिनं घर झाडलं, पोहे भिजवले, आरशात पाहून उगाच पदर दोनदा सारखा केला. भाऊ रागावलेला का असेना, येणार होता ना! तिच्या डोळ्यांत पाणी यायचं, ओठांवर हसू यायचं, आणि काम काहीच धड होत नव्हतं.

साडेदहालाच गाडी वाजली. मोनाली धावत येऊन गळ्यात पडली. तिच्यामागं राजानंद... केस पांढरे झालेले, चष्मा जाड झालेला, आणि चालताना खांदा थेट बाबांसारखा कललेला. त्यानं नमस्कार केला तो भिंतीवरच्या बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या फोटोंना. तिच्याकडं न बघताच म्हणाला, "ते पुस्तक दे. आम्हाला लगेच निघायचंय."

पोह्यांचं राहिलं, पाण्याचं राहिलं. तिनं मुकाट्यानं पेटी उघडली, साडीची घडी सोडली आणि ते लाल पुस्तक त्याच्यापुढं धरलं. त्यानं हात पुढं केला...

आणि दारातून आवाज आला, "आला का माझा राजा?"

वसंताबाबा! वंदनेत कसलं लक्ष लागतं त्यांचं! साऱ्या विहाराला सांगून आले होते की पोरगा येतोय, आपलं लाल बाइंडिंग मुंबईला काचेच्या पेटीत बसणार, आणि येताना पेढ्यांचा पुडा घेऊन आले होते. राजानं वाकून पाय धरले. बाबांनी त्याच्या डोक्यावरून, तोंडावरून हात फिरवला, आणि तो फिरणारा हात सहज ज्योत्स्नाच्या हातातल्या पुस्तकावर पडला. बोटं थांबली. कातडं चाचपलं, पाठीवरची वाकडी अक्षरं चाचपली. त्या बोटांना डोळ्यांची गरजच नव्हती.

"हे इथं कसं?" ते म्हणाले. "हे तर तू पुण्याला नेल्तंस."

ज्योत्स्नानं काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण राजाच आधी बोलला. नऊ वर्षांची मळमळ होती ती, अडवून अडत नाही. "मी न्हाई नेलं बाबा. ताईनं खराब केलेलं पुस्तक मी कशाला नेऊ?"

"ताईनं?" बाबा जणू विनोद ऐकल्यासारखे हसले. "अरे येड्या, हे मी बांधलंय. तूच तर फळीवर ठिवून गेल्तास. ताई भोकरदनला व्हती तवा."

मोनालीनं आत्याकडं पाहिलं, राजानं बहिणीकडं पाहिलं, आणि ज्योत्स्ना खाली फरशीकडं बघत राहिली, जणू गुन्हा तिचाच होता. नऊ वर्षांत टाकून बोललेला, न बोललेला एकेक शब्द त्याच्याच अंगावर उलटून येत होता. "ताई..." एवढंच तो कसाबसा म्हणाला. "तू का म्हणालीस मी केलं म्हणून?"

"तू बाबांचं तोंड बघितलं नव्हतंस रे त्या दिवशी," ती म्हणाली. "मी बघितलं होतं. तू माझ्यावर रागावलास तर मी सोसलं असतं. त्यांच्यावर रागावला असतास तर ते मेले असते."

बाबांचं हसू हळूहळू मावळलं. त्यांनी काठी चाचपली, खुर्ची चाचपली, बसले. मग पोरासारख्या साध्या आवाजात त्यांनी विचारलं, की माझं काय चुकलं? जोरात शिवलं का? मोनालीनं त्यांच्यापुढं बसून, हात हातात घेऊन सांगितलं, की आजोबा, काम फार सुंदर आहे, पण असली पुस्तकं जमवणारे लोक वेडे असतात, त्यांना पहिलंच कव्हर हवं असतं, फाटकं असलं तरी. हिरवं होतं ना, सोनेरी वेलीचं? ते गेलं, म्हणून पप्पांना वाईट वाटलं.

"गेलं?" बाबांनी मान वर केली. "कुठं गेलं? आतच हाये की!"

"आत म्हणजे?" राजा ओरडलाच जवळजवळ.

बाबांना आता खरोखरच राग आला, असल्या अडाणी प्रश्नाचा कुठल्याही कारागिराला येतो तसा. उस्तादानं पहिल्याच दिवशी शिकवलं होतं, किताब आपली चमडी घेऊन येते, ती फेकायची नाही, तिच्यावर फक्त शाल पांघरायची! जुने पुठ्ठे जसेच्या तसे ठेवलेत, वर पातळ मलमल, मलमलीवर नवा पुठ्ठा, त्यावर कातडं. निखळलेली पाठ कागदात गुंडाळून आत सपाट ठेवली आहे. खळ फक्त कडांना, मधे थेंबसुद्धा नाही. पानांना काट मारला नाही. सुरी लागलेली नाही कुठं. "मी काय रद्दी कापून राह्यलो होतो का?" ते म्हणाले. "पोराचं पुस्तक व्हतं."

राजानं ते लाल पुस्तक प्रथमच उघडलं... आणि पाहतो तर काय, पानांच्या कडा खरंच जुन्या होत्या, ओबडधोबड, तपकिरी, मूळच्या! नऊ वर्षांपूर्वी त्यानं फक्त एकदा उघडून पाहिलं असतं तर! ज्योत्स्नाला एकदम जाणवलं, हे पुठ्ठे इतके जाड का, ते आपणही कधी पाहिलं नाही. बाइंडरची लेक ती, हाताला लागताच कळायला हवं होतं. पण तिनं ते पुस्तक त्या दिवशी साडीत गुंडाळलं ते पुन्हा सोडलंच नव्हतं.

"काढ गं ज्योत्स्ना," बाबा म्हणाले. "ओल्या फडक्यानं कड मऊ कर आन् हाडाच्या पट्टीनं उचल."

तिनं पट्टी उचलली आणि तिचा हात थांबला. हेच एक काम होतं जे तिनं नऊ वर्षं दुनियेच्या नजरेपासून, अपमानापासून जपलं होतं. बाबांच्या हातचं ते शेवटचं काम, आणि आता तेच उचकटायचं? तेवढ्यात राजानंच तिचं मनगट धरलं. "नको ताई. असंच राहू दे. मला नको ते प्रदर्शन."

"सोड तिचा हात," बाबा म्हणाले. "पुस्तक तुझं हाये, कातडं माझं हाये. माझ्या कातड्याचं मी ठरवीन." आणि मग, "शाल हाये रे ती. काढली म्हणून थंडी न्हाई वाजत."

ज्योत्स्नानं फडकं पिळलं. कडेची खळ भिजली, मऊ झाली, पट्टी आत शिरली, आणि एकेक बोट, एकेक बोट करत लाल कातडं सुटत गेलं... आधी मलमल दिसली, मग मलमल उचलली, आणि खाली हिरवं! गर्द हिरवं, पाऊण शतक नव्हे, दीडशे वर्षांचं हिरवं, त्यावर सोन्याची वेल, एकही पान न गळलेली! राजा गुडघ्यावर बसला होता तो लहान पोरासारखा ओरडला, "ताई, बघ! ताई, बघ की!" मोनाली उड्या मारायला लागली, बाबा हसत सुटले, पेढ्यांचा पुडा कुणाच्या तरी हातून सांडला, आणि ज्योत्स्नाच्या डोळ्यांतून धारा लागल्या त्या तिला पुसायचंही सुचेना.

दुसरा पुठ्ठा सुटला तेव्हा मलमलीखालून कागदाची एक चिठ्ठी निघाली. कारागिरानं आपल्या कामाची खूण आत, कुणाला न दिसेल अशी ठेवायची, ही पण उस्तादाचीच शिकवण. पेन्सिलीनं, चाचपत लिहिलेली, एकावर एक चढलेली बाळबोध अक्षरं. राजानं चष्मा सारखा करून ती मोठ्यानं वाचायला घेतली.

"राजानं मला पहिल्यांदा बांधायला दिलेलं पुस्तक. वसंता खरात, मस्तगड, जालना."

पन्नाशी उलटलेला तो प्राध्यापक बापाच्या मांडीत डोकं घालून ढसाढसा रडला. मी दिलं नव्हतं बाबा, मी कधीच दिलं नाही, असं काहीबाही बोलत राहिला. बाबा त्याच्या पाठीवर थोपटत होते. मग तो उठला, बहिणीपुढं आला, आणि तिनं मागं सरायच्या आत त्यानं तिच्या पायांवर डोकं ठेवलं. "ताई, मी तुला जे बोललो..." तिनं त्याला पुढं बोलूच दिलं नाही. शेंबूड पूस आधी, म्हणाली, पुस्तकावर पडंल. हे ती त्याला बाराव्या वर्षी म्हणायची.

पाठ निखळलेली होतीच, ती नीट बसवल्याशिवाय मुंबईला नेणं शक्य नव्हतं. राजानं आपण होऊन पुस्तक उचललं आणि फळीवर ठेवलं. त्या फळीवर. बाबांना तो लाकडाचा आवाज ऐकू आला, आणि ते समाधानानं मान हलवत राहिले. लाल कातडंही काचेच्या पेटीत शेजारी ठेवायचं, चिठ्ठीसकट, हे मोनालीनं परस्पर ठरवून टाकलं. नवी खळ गॅसवर चढली. पोहे परतले गेले.

खळ निवेपर्यंत करायचं काय? राजानं हळूच विचारलं, "ताई, तुझ्याकडं नऊ वर्षं होतं. तू शेवट वाचला असशील."

"न्हाई. तू? मोबाइलवर मिळाला असता की तुला."

"मी तरी कसा वाचणार गं? शपथ होती ना."

ज्योत्स्नानं पुस्तक मांडीवर घेतलं, राजा तिच्या खांद्याला खांदा लावून जमिनीवर बसला, मोनाली मागं ओणवी झाली, आणि चव्वेचाळीस वर्षांपूर्वीसारखीच ती एकेक ओळ इंग्रजीत वाचून बाबांसाठी मराठीत सांगायला लागली. बर्फ पडून राह्यलंय. पोरगी दारात उभी हाये. आत पावलं वाजली. कडी निघाली... तिनं ती ओळ पुन्हा वाचली. राजानं पुस्तकात नाक खुपसून वाचली. आणि दोघं भावंडं एकदमच अशी काही हसत सुटली की ज्योत्स्नाला पोट धरून बसावं लागलं.

"काय झालं? कुनी उघडलं दार?" बाबा अधीर झाले.

"मोलकरणीनं, बाबा!" राजा हसता हसता म्हणाला. "ना भावानं, ना बापानं, ना आईनं. मोलकरणीनं उघडलं!"

बेचाळीस वर्षं बाबांनी आपलं उत्तर राखून ठेवलं होतं, आता पुस्तक पुरं होत होतं.

"कोन का उघडीना," ते म्हणाले, "उघडलं न्हवं? आत घेतलं का त्या पोरीला, तेवढं सांग."

ज्योत्स्ना पुढची ओळ शोधत होती. राजानं तिच्या हातावर हात ठेवला. ओळ त्यानंही अजून वाचली नव्हती.

"घेतलं, बाबा," तो म्हणाला.